दांडीच्या गल्लीत बिनआवाजाची गाडी

सुरतेहून परत आल्यापासून आमच्या दुकानात येणारी माणसं साडीच्या आधी गाडीचीच चौकशी करतात. बार्शीत आमचं साड्यांचं दुकान आहे, आणि लग्नसराईचा माल आणायला मी आणि अरविंद, म्हणजे माझा नवरा, दरवर्षी सुरतेला जातो. आजवर बसनं जात होतो. यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीनं गेलो, तीही नव्या हायब्रिड गाडीनं. म्हणून लोक विचारतात, वाटेत कुठं अडकलात का, ती आपोआप चार्ज होते म्हणतात ते खरं का? मी सांगते. पण सांगता सांगता दर वेळी माझी गाडी बाजूला राहते आणि बोईसरजवळ सालवडला माझ्या बहिणीच्या दारात उभ्या असलेल्या दुसऱ्याच गाडीची गोष्ट सुरू होते. म्हटलं, एकदा ती नीट लिहूनच काढावी.

आधी आमच्या गाडीचं सांगते. आमची जुनी गाडी डिझेलची होती. तिनं बिचारीनं खूप ओझी वाहिली. बदलायची वेळ आली तेव्हा आम्ही त्याच कंपनीच्या शोरूममध्ये गेलो, तर तिथला मुलगा म्हणाला, "ताई, आपल्या कंपनीनं डिझेल बंद केलं. आता इलेक्ट्रिक बघा, नाहीतर हायब्रिड." 'आपली कंपनी' असं तो इतक्या आपुलकीनं म्हणाला, की हा निर्णय आम्हाला विचारूनच घेतला असावा! अरविंद इलेक्ट्रिकला घाबरला. मला ती आवडली होती, पण सुरतेचा रस्ता डोळ्यांसमोर आला आणि मीही कच खाल्ली. हायब्रिड म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरी दोन्ही. समोरच्या पडद्यावर एक चित्र दिसतं, कधी इंजिन चाकांना ढकलतंय, कधी बॅटरी. मला त्या चित्राचा नादच लागला. अरविंद सारखा ओरडायचा, "रस्त्याकडे बघ, चित्राकडे नको!"

चिल्हार फाटा ते सालवड

सुरतेची खरेदी आटोपली. गठ्ठ्यांनी डिकी भरली, मागची सीटही भरली, आणि गाडीत नव्या कापडाचा तो कोरा वास कोंडून राहिला. येताना वाट थोडी वाकडी करून धाकट्या बहिणीकडे, माधवीकडे, दोन दिवस राहायचं ठरलं होतं. हायवे सोडून चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळलो. आमच्याकडे फेब्रुवारीत रानं करपायला लागतात. इथं अजून झाडी दाट होती आणि रस्त्याच्या कडेला बायका टोपल्यांतून चिकू विकत होत्या. मी एक टोपली घेतली. गठ्ठ्यांवर ठेवायला जागा नव्हती, म्हणून सालवडपर्यंत ती अरविंदच्या मांडीवर राहिली.

मोबाइलच्या नकाशानं आम्हाला माधवीच्या बिल्डिंगऐवजी थेट कारखान्यांच्या वसाहतीत नेऊन सोडलं. पुढं टँकर, मागं टँकर, आणि नाकात असा काही वास की कापडाचा वास बरा वाटला. एका गेटवरच्या वॉचमनला पत्ता विचारला. तो म्हणाला, "सालवड? दीदी, सालवड तो आप पीछे छोड़ आयीं." वळायला जागा देण्यासाठी त्यानं स्वतः रस्त्यात उभं राहून टँकर थांबवला. मी वळले, तेव्हा त्यानं सलामही ठोकला.

माधवी गेटपाशीच उभी होती. मिठी मारली, रडली, हसली, आणि लगेच "किती वाळलीस गं" हेही म्हणून झालं. तिच्यामागं तळमजल्याच्या खिडकीखाली एक गाडी उभी होती. जाड राखाडी कव्हर घातलेली, चारी बाजूंनी दोरीनं आवळलेली.

"अगं, ही का तुमची नवी?" मी विचारलं. तिनं फोनवर सांगितलं होतं की त्यांनीही गाडी घेतली, आमच्याच कंपनीची, पण पूर्ण इलेक्ट्रिक.

"हो," ती म्हणाली. "आत चल आधी."

इतक्यात माझे मेहुणे, विलासराव, मोटारसायकलवरून कामावरून आले. मला वाटलं, गाडी बिघडली असेल. पण कव्हर काढून दाखवताना त्यांनी तिच्यावरून ज्या पद्धतीनं हात फिरवला, त्यात बिघडलेल्या गाडीवरचा राग अजिबात नव्हता. पांढरी, स्वच्छ, काचेवर अजून शोरूमचा स्टिकर. खिडकीच्या गजातून चार्जिंगची एक जाड केबल बाहेर आली होती. सोसायटीनं बऱ्याच बैठका घेऊन तिला परवानगी दिली म्हणे. विलासरावांनी आमची गाडी बघितली, खाली वाकून तिच्या पोटाकडं नजर टाकली आणि म्हणाले, "हिला सायलेन्सर आहे."

मला हसू आलं. "गाडीला सायलेन्सर असणारच की."

"आमच्या गाडीला नाही," ते म्हणाले, आणि पुन्हा कव्हर चढवायला लागले.

जेवायला ताजे बोंबील होते. आमच्याकडं ज्वारीची भाकरी दातांना काम देते. इथली तांदळाची भाकरी मऊ, पांढरी, जवळजवळ लाजरी. बोंबील तर त्याहून मऊ. अरविंदनं चावायची तयारी केली तोवर तो तोंडात विरघळूनही गेला होता. "गेला कुठं?" असं तो खरोखरच म्हणाला. माधवी हसून लोटपोट झाली.

भांडी आवरताना मात्र तिनं खरं सांगितलं. विलासराव तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात आहेत, हे मला माहीत होतं. तिथं गाड्यांच्या सायलेन्सरचे पाइप वाकवतात आणि जोडतात, हेही कधीतरी ऐकलं होतं. पण या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून कधी बघितल्या नव्हत्या.

"इलेक्ट्रिक गाडीला धूर नाही, म्हणून सायलेन्सरही नाही," माधवी म्हणाली. "आणि हे त्याच कारखान्यात काम करतात, ताई. पहिल्या दिवशी हौसेनं गाडी घेऊन गेले. पेढे वाटले. कुणी काही वाईट बोललं नाही. फक्त हरेशभाऊंनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, विलास, तूच ही गाडी घेतलीस, तर आपला पाइप कोण घेणार?"

हरेशभाऊ म्हणजे हरेश तामोरे. इथल्याच, बोईसरजवळच्या समुद्राकाठच्या दांडी गावचे, मासेमाऱ्यांच्या घरातले. लग्न होऊन माधवी बोईसरला आली तेव्हापासून मी हे नाव ऐकत आले. दोघांचं मशीन एक. एकजण पाइप धरणार, दुसरा वाकवणार.

"आता कामापुरतं बोलतात," माधवी म्हणाली. "त्या दिवसापासून यांनी गाडी कामावर नेली नाही. त्यांच्या लेकीचं, हर्षालीचं, लग्न आहे. पत्रिका आली, पण द्यायला वहिनी आल्या. हरेशभाऊ नाही आले."

कारखान्याचं गेट

दुसऱ्या दिवशी विलासरावांची सकाळची पाळी होती. मोटारसायकलचं चाक पंक्चर निघालं. मी म्हणाले, "मी सोडते ना." ते क्षणभर घुटमळले, मग बसले. मागं गठ्ठे, त्यामुळे अरविंद घरीच राहिला.

गेटपाशी पाळी बदलायची गर्दी होती. आमची गाडी थांबली तसे चार-पाच जण सरळ तिच्याकडे आले. मला आधी कळेना. एकजण खाली वाकला, दुसरा चक्क गुडघ्यांवर बसला आणि ओरडला, "है भाई, इसमें है! साइलेंसर है!" बाकीचे हसले. मी खाली उतरले. मला विचारायला लागले, दीदी, बॅटरीवर किती चालते, पेट्रोल कधी घेते, कंपनी असल्या गाड्या अजून किती दिवस काढणार? शेवटचा प्रश्न जणू मी कंपनीचीच माणूस असल्यासारखा होता. मी म्हणाले, "अहो, मी साड्या विकते."

"साड्या बंद नाय होत ना कधी?" गर्दीतून एक माणूस पुढं येत म्हणाला. उंच, सावळा, कानांवर पिकलेले केस. "तुमचा धंदा बरा हाय."

"नऊवारी जवळजवळ बंदच झाली," मी म्हणाले. "आता शिवलेली मागतात. आम्ही ती ठेवतो."

तो हसला, आणि हाच हरेश असणार हे मला कळलं. त्यानंही वाकून हात खाली घातला आणि आमच्या गाडीच्या पाइपवर दोन बोटं आपटली, म्हशीच्या पाठीवर थाप मारावी तशी. "चांगला जोड हाय. आपलाच माल असंल, कोण जाणे." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमी माधवीवहिनीची भैन ना? परवा माझ्या पोरीचं लगीन हाय. आलेच हाव तर थांबा. आमच्याकडचं लगीन बघा."

विलासराव बाजूलाच उभे होते. हरेश हे सगळं त्यांच्या खांद्यावरून माझ्याशी बोलत होता. विलासरावांनी फक्त "चल, भोंगा होईल" म्हटलं आणि दोघं आत गेले, एकामागून एक.

मी मात्र तिथंच उभ्या असलेल्या एका पोक्त कामगाराला विचारून घेतलं. मला राहवतच नाही. त्यानं सांगितलं की काम अजून आहे, पेट्रोलच्या गाड्या काही उद्या संपत नाहीत. पण मालकानं आता जिन्यांच्या रेलिंगचीही कामं घेतली आहेत. पाइप तोच, मशीन तेच. "रेलिंग काय, कुणीपण वाकवतंय," तो म्हणाला. "सायलेन्सरचं काम वेगळं. त्याच्यात आवाज मारायचा असतो."

परत येताना पडद्यावरच्या त्या चित्राकडं मी पहिल्यांदाच बघितलं नाही. माझी गाडी सगळ्यांना आवडली होती, कारण ती कुणालाच दुखवत नव्हती. पण ते काही तिचं कर्तृत्व नव्हे.

पालघर

लग्नासाठी आम्ही मुक्काम वाढवला. तिसऱ्या दिवशी विलासरावांना सुट्टी होती. माधवीला लग्नाच्या आहेराची खरेदी करायची होती, म्हणून आम्ही पालघरला निघालो, आणि कव्हर निघालं. बोईसर मागं पडलं तसे विलासरावांचे खांदे सैल झालेले मला मागच्या सीटवरून दिसले. गाडी इतकी शांत, की माधवीच्या बांगड्यांचा आवाज मोठा वाटायला लागला.

पालघर जिल्ह्याचं ठिकाण झाल्यापासून वाढतंच आहे. कचेऱ्या, वकील, झेरॉक्सची दुकानं, आणि त्यांच्यामध्ये सुक्या मासळीचा बाजार मांडून बसलेल्या बायका. आमच्याकडं बाजारात लाल मिरचीचे ढीग लागतात तसे इथं जवळ्याचे, सुकटीचे. मी सुके बोंबील घेतले. विकणाऱ्या मावशींनी बार्शीचं नाव ऐकून वर मूठभर जवळा घातला. "तिकडं कोन देनार तुमाला?" म्हणाल्या.

विलासरावांनी गाडी रस्त्याकडेच्या चार्जिंगच्या जागेवर लावली. तिथं एक गोष्ट नवीनच दिसली. पेट्रोल पंपावर माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. पैसे दिले की निघाली. इथं थांबावं लागतं, म्हणून बोलणं होतं. शेजारच्या गाडीपाशी एक बाई डबा उघडून बसल्या होत्या. जव्हारकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी विचारायच्या आधीच आम्हाला धपाटा दिला आणि गाडीचं गाऱ्हाणं सुरू केलं.

"चालवायला सुंदर. घाट चढताना बॅटरी भराभरा उतरते, माझा जीव वरखाली. पण जव्हारहून खाली येताना ब्रेक लावला की परत भरते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन नवऱ्याला फोन केला, अहो, ही कमावतेय!" त्या मोठ्यानं हसल्या. "पण बिघडली तर? गॅरेजवाला लांबूनच हात जोडतो. म्हणतो, मॅडम, मला यातलं कळत नाही, हात लावला तर वॉरंटी जाईल. जुनी गाडी रस्त्यात बंद पडली तर कुणीही पोरगा यायचा, तारेनं काहीतरी बांधून द्यायचा. आता बंद पडली की बंद."

"पुन्हा घ्याल का मग हीच?" मी विचारलं.

त्यांनी थोडा विचार केला. "घेईन," म्हणाल्या. "पण गॅरेजवाल्याचं वाईट वाटतं."

त्या गेल्या. माधवी आणि अरविंद दुकानात होते. मी सरळ विचारलं, "विलासराव, तुम्ही का घेतली ही?"

"पेट्रोलचीच घ्यायला गेलो होतो," ते म्हणाले. "शोरूमवाला म्हणाला, एक चक्कर तरी मारून बघा. मारली." मग ते थांबले. "ताई, आमच्या कामाचा अर्थ काय सांगू? इंजिन ओरडतं, आणि आम्ही त्याचं तोंड दाबतो. जितका आवाज कमी तितकं काम चांगलं. हरेश आणि मी पाइपला कान लावून पैजा मारायचो, कोणाचा माल गप्प. मी ह्या गाडीत बसलो, ती निघाली, आणि मला वाटलं, अरे, जे आपण आयुष्यभर करायला बघत होतो ते हिनं करून टाकलंय. मला आनंद झाला. पहिला विचार आनंदाचाच होता. नोकरीचा विचार नंतर आला, घरी आल्यावर."

"हे हरेशभाऊंना सांगितलंत?"

"कसं सांगू?" ते म्हणाले. "त्याला वाटेल, मी आमच्या कामाची टिंगल करतोय."

सालवडला, त्याच संध्याकाळी

आम्ही परतलो आणि चहा टाकला, तोच दारात हरेश आला. या घरात तो फार दिवसांनी येत होता, हे माधवीच्या धांदलीवरून कळलं. तो बसला नाही. हातात मोबाइल, घामेजलेला.

"ताई," तो मला म्हणाला, "एक काम होतं. नवरीसाटी मामेभावाची गाडी ठरवली होती. ती कालपासून गॅरेजमदी हाय. सकाळी मिळेल, संध्याकाळी मिळेल, असं चाललंय. उद्या पोरीला हॉलवर न्यायचं हाय. तुमची गाडी द्याल काय?"

 खिडकीबाहेर, त्याच्या पाठीमागं, ती पांढरी गाडी बिनकव्हरची उभी होती. ती त्याला दिसली नसेल असं होणं शक्यच नव्हतं.  हो म्हणावं तर मेहुण्यांचा अपमान, नाही म्हणावं तर एका बापाच्या दारातलं कार्य अडणार. मी विलासरावांकडं बघितलं.

"त्यात काय विचारायचं?" तेच म्हणाले. "ताईंची गाडी मोठी आहे. नवरीला साडी सावरायला बरी. मी गठ्ठे उतरवून घेतो."

आणि त्यांनी उतरवले. हरेशही हाताला लागला. दोघं गठ्ठे एकमेकांच्या हातात देत होते, एकही शब्द न बोलता, आणि त्यांचे हात मात्र इतके सवयीनं चालत होते की बघणाऱ्याला वाटावं, यांचं कधी बिनसलंच नाही. हरेश गेल्यावर विलासरावांनी आमची गाडी धुतली, पुसली, टायरसुद्धा.

"उद्या तुम्ही मोटारसायकल काढा," माधवी त्यांना म्हणाली, "पण मी पैठणी नेसून मागं बसणार नाही. मी रिक्षानं येईन."

 सकाळी मात्र दोन्ही गाड्या धुतलेल्या होत्या.

दांडी

समुद्र जवळ आला हे आधी नाकाला कळलं. बांबूंच्या रांगांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घातले होते, हजारो, वाऱ्यावर चकाकत. लांबवर वीज केंद्राच्या इमारती. गावात शिरणारी गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना घरांचे ओटे, ओट्यांवर जाळी. गाड्या कशाबशा मांडवापर्यंत गेल्या, पुढं अरविंद आमची घेऊन, मागं पांढऱ्या गाडीत विलासराव आणि माधवी. हरेशच्या भावांनी लगेच आमच्या गाडीला झेंडूच्या माळा बांधल्या, नाकावर मोठा गुच्छ चिकटवला.

मला बायकांनी आत ओढलं. आदल्या दिवशीची हळद अजून भिंतींवर, दारावर, सगळ्यांच्या कपड्यांवर होती. आमच्याकडं हळद नवरीपुरती. इथं पाहुणेही सुटत नाहीत. माझ्या गालालाही लागलीच. बायका गात होत्या, शब्द मला अर्धेच कळत होते, आणि एका म्हातारीनं माझ्या हातात काळ्या चहाची वाटी दिली. हर्षाली, हरेशची मुलगी, आरशापुढं घायकुतीला आली होती. साडीच्या निऱ्या सारख्या सुटत होत्या. इथं माझा धंदा कामाला आला. मी दोन पिना मागितल्या, निऱ्या पुन्हा घातल्या, आणि पुढं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की ही मावशी नवरीबरोबर गाडीत बसणार.

निघायची वेळ झाली. बँड सुरू झाला. हर्षाली बाहेर आली, माळा घातलेल्या आमच्या गाडीकडं दोन पावलं चालली आणि थांबली. मागं पांढरी गाडी उभी होती, कोरी, एकही फूल नसलेली. विलासराव तिच्या पलीकडं उभे होते, कुणाच्या नजरेत येऊ नये असे.

"विलासकाका, तुमी गाडी चालवणार ना?" ती म्हणाली.

"तुझी गाडी ही पुढची, बाळा," विलासराव म्हणाले. "ती हे अरविंदमामा चालवतील."

"स्कूटी मला कोणी शिकवली?" ती म्हणाली. "मी तेव्हाच बोलले होते, माझ्या लग्नात गाडी काका चालवतील म्हणून. बाबांना इचारा."

सगळ्यांनी हरेशकडं बघितलं. बँडवालाही थांबला. त्याला कुणीतरी खुणावलं असावं.

"अगं, फुलं त्या गाडीला लावलीत," हरेश म्हणाला.

"मग फुलं इकडं आणा ना."

ती सरळ येऊन पांढऱ्या गाडीत बसली. निऱ्या सांभाळायला मीही मागून बसले. काचेतून मला हरेश दिसत होता. तो कमरेवर हात ठेवून उभा होता, खाली जमिनीकडं बघत. त्याचा भाऊ काहीतरी म्हणाला, त्याला त्यानं हातानंच गप्प केलं. मग तो आमच्या गाडीकडं गेला, नाकावरच्या गुच्छाची चिकटपट्टी नखानं सोडवली, माळा काढून खांद्यावर घेतल्या आणि इकडं आला. त्याच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. तो गुच्छ त्यानं स्वतःच्या हातानं त्या गाडीच्या तोंडावर बसवला, चारी बाजूंनी दाबला. चालकाच्या खिडकीपाशी येऊन म्हणाला, "हळू ने. लोकांना कळायचं नाय गाडी येते ती."

त्याचं खरं होतं. हळू चालताना या गाडीतून एक बारीकशी गुणगुण येते, पण बँडपुढं ती कुठची ऐकू येणार? गल्लीत सगळं गाव भरलेलं, पोरं नाचतायत, बायका ओट्यांवरून उतरतायत, एक आजोबा तर गाडीकडं पाठ करून मजेत उभे. विलासरावांनी हॉर्न वाजवला. बँडनं तो गिळून टाकला. गाडी चार हात सरकायची आणि थांबायची.

तेव्हा हरेश पुढं झाला. गाडीच्या नाकासमोर जाऊन त्यानं दोन्ही हात पसरले आणि मोठ्यानं ओरडायला लागला, "व्हा बाजूला! गाडी येते! ए पोरांनो, गाडी येते!" आजोबांना त्यानं दंडाला धरून ओट्यावर बसवलं. एका बाईच्या हातातली टोपली उचलून बाजूला ठेवली. मग दोन पावलं पुढं, पुन्हा आरोळी. खांद्यावर एक माळ उरली होती, ती तशीच लोंबत होती. त्याच्या मागोमाग, पावलाला पाऊल लावून, विलासराव गाडी नेत होते. हर्षाली हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी तिचं काजळ टिपत होते. समोरच्या आरशात मला विलासरावांचे डोळे दिसले. ते रस्त्याकडं बघत नव्हते, हरेशच्या पाठीकडं बघत होते.

गल्ली संपून मोठा रस्ता लागला तेव्हा हरेशचा आवाज पार बसला होता. तो कडेला उभा राहून धापा टाकायला लागला. बाकीचे आमच्या गाडीत, टेम्पोत, मोटारसायकलींवर बसायला पळाले. विलासरावांनी हात लांबवून शेजारचं दार उघडलं.

"बस," ते म्हणाले.

हरेश उघड्या दाराकडं बघत राहिला. मग खांद्यावरची माळ काढून त्यानं ती मागं माझ्याकडं दिली, चपला झटकल्या, आणि आत बसला. त्यानं दार ओढून घेतलं तसा बँड, गाव, वारा सगळं बाहेर राहिलं. आत एकदम शांत. तो कान देऊन ऐकत बसला.  हर्षालीनं माझा हात घट्ट धरला.

"विलास," बसलेल्या आवाजात हरेश म्हणाला, "हे आपल्याला नाय जमलं रे कधी."

"नाही जमलं," विलासराव म्हणाले. "पण आपण होतो जवळ."

हरेशनं मान हलवली. थोडा वेळ तो समोरच्या पडद्याकडं, मग विलासरावांच्या हातांकडं बघत राहिला.

"चालू हाय ना?" त्यानं विचारलं.

"केव्हाची."

"मंग जाऊ दे," हरेश म्हणाला. "पोरीचा मुहूर्त टळंल."